तान्ह्या बाळाला झोपवायचं कसं: उताणं, सपाट जागी, तोंड मोकळं

पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाला एक साधी गोष्ट जमत नाही. नाकातोंडावर दुपटं आलं, तोंड उशीत रुतलं किंवा मान झुकून हनुवटी छातीला टेकली, तर ते स्वतःची सुटका करून घेऊ शकत नाही. मोठा माणूस गाढ झोपेतही कूस बदलतो, पांघरूण लाथाडतो. तान्हं बाळ अशा वेळी कित्येकदा रडतसुद्धा नाही. स्वतःच सोडलेली हवा ते पुन्हा पुन्हा आत घेत राहतं, रक्तातला प्राणवायू कमी होत जातो आणि जाग यायला हवी तेव्हा येत नाही. बाळाच्या झोपेबद्दल डॉक्टर जे सांगतात, त्यातलं बहुतेक सगळं या एका गोष्टीतून निघतं.

म्हणून नियमही लांबलचक नाही. रात्रीची झोप असो की दुपारची दहा मिनिटांची डुलकी, बाळ उताणं. खाली टणक आणि सपाट अंथरूण. डोक्याभोवती आणि चेहऱ्याजवळ काहीही नाही. वर्षाचं होईपर्यंत हेच. अडचण येते ती हा नियम आपल्या घरात बसवताना, कारण आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत बाज असते, शेगडी असते, आजीनं शिवलेली गोधडी असते, मोहरीची उशी असते आणि प्रत्येक वस्तूच्या बाजूनं बोलणारं एक मायेचं माणूस असतं.

उताणंच का

साधारण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला सर्रास दिला जात असे. पुढे लक्षात आलं की झोपेतच, काही कारण सापडत नसताना जी बाळं दगावतात, ज्याला डॉक्टर सिड्स म्हणतात, त्यांत पालथ्या झोपणाऱ्या बाळांचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. ब्रिटननं १९९१ मध्ये आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ मध्ये सल्ला बदलला. १९९४ पासून अमेरिकेत बाळाला पाठीवर झोपवण्याची मोठी मोहीम चालली आणि पुढच्या काही वर्षांत तिथलं अशा मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. ना औषध, ना यंत्र, फक्त झोपवण्याची बाजू बदलली. सर्वांत जोखमीचा काळ पहिला ते चौथा महिना. दर दहांतले सुमारे नऊ मृत्यू सहा महिन्यांच्या आतले असतात.

आपल्याकडे घोडं अडतं ते कुशीवर. ‘उताणं ठेवलं आणि दूध ओकलं तर श्वासात जाईल’ ही भीती घराघरांत आहे, म्हणून बाळाला कुशीवर ठेवून पाठीला छोटा लोड लावतात. भीती समजण्यासारखी आहे, पण शरीराची रचना नेमकी उलट सांगते. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध खालच्या नळीतच साचतं. श्वासनलिकेत जायचं तर त्याला चढावं लागेल. बाळ ते गिळतं, खोकतं किंवा मान वळवून बाहेर टाकतं. पालथं केलं की अन्ननलिका वर येते आणि दूध आपल्या वजनानंच श्वासनलिकेच्या तोंडाशी उतरतं. ज्या बाळांना दूध वर येण्याचा त्रास आहे त्यांनाही डॉक्टर उताणंच ठेवायला सांगतात, ते यामुळेच. श्वसनमार्गाच्या काही दुर्मीळ आजारांत वेगळा सल्ला असतो, पण तो तुमच्या बाळाला तपासून डॉक्टरांनीच द्यायचा.

कुशीवरची स्थिती मुळात स्थिर नसते. लोड सरकतो आणि बाळ अर्ध्या वाटेवरून पालथं पडतं. वर तो लोडच नाकाशी येऊन बसतो. म्हणजे एक भीती टाळायला दोन धोके जवळ आणले.

गादीचं डोक्याकडचं टोक वीट किंवा उशी घालून उंच करणं हा दुसरा लाडका उपाय. यानं दूध यायचं थांबत नाही. बाळ मात्र घसरत खाली येतं आणि हनुवटी छातीवर टेकते. तान्ह्या बाळाची श्वासनलिका मऊ आणि अरुंद असते, मान दुमडली की ती दबते. दहा अंशांपेक्षा जास्त उतार झोपेसाठी नको, असं आता स्पष्ट सांगितलं जातं. दुधाचा त्रास कमी करायचा असेल तर पाजल्यावर दहा-पंधरा मिनिटं खांद्यावर उभं धरून ढेकर काढा आणि मग सपाट जागी ठेवा. ढेकर आलीच नाही तरी रात्रभर घेऊन बसायची गरज नाही.

कमी दिवसांचं बाळ नवजात अतिदक्षता विभागात असेल तर तिथे त्याला पालथं झोपवलेलं दिसेल. ते पाहून घरी तसं करू नका. तिथे नाडी आणि प्राणवायू मोजणारं यंत्र चोवीस तास लावलेलं असतं आणि घरी पाठवण्याआधी बाळाला उताणं झोपायची सवय लावतात.

अंथरूण कसं घालायचं

१. बाळाची गादी साधारण दोन इंच जाडीची, घट्ट भरलेली घ्या. हाताचा तळवा दाबून उचला. खळगा तसाच राहिला तर गादी मऊ आहे. नुकत्याच पिंजलेल्या कापसाची फुगीर गादी बाळासाठी चालत नाही, मोठ्या माणसांनी वापरून ती बसली की मगच.

२. गादी नसेल तर जाड सतरंजीवर गोधडीची सपाट चौघडी. गोधडीला उगाच बदनाम करू नका: हातटाक्याची जुनी गोधडी अंगाखाली उत्तम, टणक आणि हवेशीर. तीच अंगावर घातली की जड होते आणि तोंडावर सरकते. खाली हवी, वर नको.

३. वर एकच सुती चादर, चारही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेली. ओलं होऊ नये म्हणून प्लास्टिक घालत असाल तर ते चादरीच्या खाली आणि तेही ताणून. सुटं प्लास्टिक बाळाच्या आसपास अजिबात नको.

४. गादी आणि पाळण्याच्या कडेत दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. पाळण्याला गज असतील तर दोन गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर अंग जातं आणि डोकं अडकतं.

५. आता अंथरुणावरून सगळं उचला. उशी, लोड, मऊ खेळणी, जादा दुपटी, कडेला बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या, सगळं.

बारशाला हमखास येणारी भेट म्हणजे नाशिकच्या मेनरोडवर किंवा शालिमारला मिळणारा बाळाच्या बिछान्याचा सेट: मऊ गादी, उशी, दोन छोटे लोड आणि वर उघडमीट होणारी मच्छरदाणी. त्यातली मच्छरदाणी कामाची. लोड बाळ जागं असताना पालथं घालून खेळवायला वापरता येतील. उशी कपाटात टाका.

मोहरीची उशी डोकं गोल व्हावं म्हणून देतात. पहिल्या वर्षात बाळाला कुठलीच उशी लागत नाही. मोहरी डोक्याभोवती खळगा करून बसते, मान वळवणं कठीण होतं आणि शिवण उसवली तर दाणे नाकातोंडापाशी. डोक्याच्या आकाराचं काय करायचं ते पुढे येईलच.

पाळणा, बाज आणि झोळी

लाकडी पाळणा, तळ सपाट आणि पक्का असेल, तर चांगलाच. कडी, साखळी आणि आढ्याचा हूक दर आठवड्याला हातानं ओढून बघा. झोका देताना हलका द्या, बाळाला झोप लागली की पाळणा थांबवून स्थिर करा. सतत हलणाऱ्या, तिरक्या होणाऱ्या पाळण्यात बाळ एका कडेला सरकतं. वर टांगलेलं चिमणाळं बाळाच्या हाताला लागणार नाही इतकं उंच हवं आणि त्याची दोरी खाली लोंबत नको. बाळ वळायला लागलं किंवा हातांवर छाती उचलायला लागलं, की झुलत्या पाळण्याचे दिवस संपले.

सुंभाची किंवा नायलॉनच्या पट्टीची बाज बाळंतिणीला आरामाची असते, बाळाला नाही. तिला मधे झोळ येतो. आई झोपली की खळगा आणखी खोल होतो आणि बाळ घरंगळत आईच्या अंगाखाली किंवा पट्टीतल्या फटीकडे जातं. बाज वापरायचीच तर बाळाचं अंथरूण बाजेशेजारी खाली घाला.

झोळीचा प्रश्न जरा मोठा आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर किंवा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला आलेल्या बाईला ‘झोळी वापरू नका’ एवढंच सांगून उपयोग नाही. खाली विंचूकाटा, मुंग्या, ऊन; बाळाला ठेवणार कुठे? झोळीत नेमकं काय चुकतं ते कळलं तर धोका बराच कमी करता येतो. लुगड्याची झोळी बाळाच्या पाठीला कमानीसारखी वाकवते. डोकं वर, पाय वर, कंबर खाली, अशानं हनुवटी छातीत रुतते. शिवाय दोन्ही बाजूंचं कापड चेहऱ्यावर मिटतं.

तेव्हा झोळी बांधताना डोक्याकडे आणि पायाकडे एकेक आडवी काठी घालून तोंड रुंद उघडं ठेवा. आत गोधडीची लांबट, सपाट घडी घाला म्हणजे पाठ कमी वाकते. बाळाला ठेवल्यावर हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये दोन बोटं आडवी जातात का बघा. जात नसतील तर काढून पुन्हा नीट ठेवा. झोळी जमिनीपासून फूट-दीड फुटापेक्षा उंच नको. राखायला जाणतं माणूस हवं. पाच-सात वर्षांच्या ताईवर सोपवू नका. आणि झोळी फक्त झोप लागेपर्यंत. डोळा लागला की सावलीत घातलेल्या चटईवर, सपाट, उताणं, वर ताणलेली मच्छरदाणी. कमी वजनाचं किंवा कमी दिवसांचं बाळ झोळीत अजिबात नको, त्याला मान सावरायची ताकदच नसते. बाजारात मिळणाऱ्या स्प्रिंगच्या झोळीलाही हेच सगळं लागू. तिचा झटका वेगळा.

अंघोळीनंतरची झोप

दिवसातली सगळ्यांत गाढ झोप सकाळच्या अंघोळीनंतरची. मालिश, कढत पाणी, ओवा-शेपाची धुरी, मग डोक्याला कुंची, हातापायांसकट दुपट्यात घट्ट गुंडाळी, वर आणखी एक शाल आणि पडदा ओढलेली खोली. दोन-अडीच तास बाळ हूं की चूं करत नाही आणि घरातली सगळी आपापल्या कामाला लागतात. सुरक्षिततेच्या दृष्टीनं सगळ्यात जास्त लक्ष हवं ते नेमकं याच वेळी. फाजील ऊब, धूर, बांधलेले हात आणि जवळ कोणी नाही, हे सगळं एकत्र येतं.

यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं? मालिश खुशाल करा. दुपट्यात गुंडाळायलाही हरकत नाही, पण नीट. छातीवर दुपटं आणि अंग यांच्यात दोन-तीन बोटं जायला हवीत. कमरेखाली दुपटं ढिलं हवं. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडून बाजूला पसरता आले पाहिजेत. पाय सरळ ताणून एकत्र बांधले तर खुब्याचा सांधा नीट बसत नाही, आणि ‘पाय वाकडे राहतील’ म्हणून केलेली गोष्ट पायांच्याच मुळावर येते. दुपट्याचं वरचं टोक खांद्याखाली असावं, गालाशी नको. गुंडाळलेलं बाळ नेहमी उताणंच. ते वळायची धडपड करू लागलं, बहुतेकांत तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, त्या दिवसापासून गुंडाळणं बंद. हात बांधलेलं बाळ पालथं पडलं तर मान उचलायला त्याच्याकडे काहीच उरत नाही.

गळ्याशी बंद असलेली कुंची झोपेत काढून ठेवा. तिची मागची झूल पाठीखाली गोळा होते आणि नाडी गळ्यावर ओढली जाते. गळ्यातला काळा दोरा, ताईत, सोन्याची साखळी हेही झोपेत नको. दृष्टीसाठी काही हवंच असेल तर मनगट्या आहेत, तीट आहे. दुपट्याला सेफ्टी पिन नको. उशाशी सुरी किंवा विळा ठेवायची पद्धत असेल तर तो अंथरुणावर नव्हे, बाजेखाली आत सरकवून ठेवा. सटवाईला चालतं.

धुरीबद्दल मात्र तडजोड नाही. ओवा-शेपाचा असो, डासांच्या कॉइलचा असो की बिडीचा, धूर तान्ह्या फुप्फुसांना वाईटच. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर सिड्सचा धोका स्पष्टपणे वाढतो. गॅलरीत ओढून आलेल्या माणसाच्या कपड्यांनाही धूर चिकटलेला असतो. त्यानं हात-तोंड धुऊन, सदरा बदलूनच बाळाला घ्यावं. आईची मिश्रीही सुटलेली बरी, त्यातलं निकोटिन दुधात उतरतं.

अजून एक: झोप लागावी म्हणून गुटीत जायफळाचे वेढे. जायफळानं बाळ पेंगतं हे खरं, आणि म्हणूनच ते देऊ नये. अडचण आली तर जाग येणं ही बाळाची एकमेव राखण. तीच आपण बोथट करतो. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही. अंगावरचं दूध हेच सिड्सचा धोका कमी करणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे.

नाशिकची थंडी

डिसेंबर-जानेवारीत शहरात पारा दहाच्या खाली जातो आणि निफाडकडे कधी कधी पाच अंशांच्याही खाली. अशा वेळी ‘अंगावर पांघरूण नको’ हा सल्ला कोणालाही क्रूर वाटेल. थंडीपासून तर बाळाला वाचवायचंच आहे. फक्त ऊब कपड्यांतून द्यायची, सुट्या पांघरुणातून नाही.

मोठ्या माणसाला त्या खोलीत जितके थर लागतात त्याहून एक थर जास्त, हा अंदाज पुरतो. आत सुती झबलं, त्यावर पूर्ण बाह्यांचा आणि पायमोज्यांसकट असलेला कपडा, त्यावर झोपायची पिशवी. ही पिशवी म्हणजे बिनबाह्यांचा, खालून बंद असलेला लांब अंगरखा. विकत मिळते, पण जुन्या मऊ सुती साडीचे दोन-तीन थर घालून कोणीही शिंपी शिवून देईल. गळा असा हवा की बाळाचं डोकं आत सरकणार नाही. खाली पाय मारायला ऐसपैस जागा ठेवा. पिशवीत किंवा दुपट्यात वजन भरलेले प्रकार ऑनलाइन मिळतात, ते घेऊ नका.

पिशवी नसेल तर एकच पातळ दुपटं. बाळाचे पाय पाळण्याच्या पायथ्याच्या कडेला टेकतील असं त्याला खाली ठेवा, दुपटं फक्त छातीपर्यंत, हात बाहेर, आणि दुपट्याच्या तिन्ही कडा गादीखाली घट्ट खोचा. मग ते वर सरकायला जागाच राहत नाही.

ऊब पुरते की नाही हे हाताच्या मागच्या बाजूनं तपासा. पोट आणि तळपाय दोन्ही उबदार असतील तर सगळं ठीक. पोट उबदार पण पाय गार, तर बाळाला थंडी बाधतेय. एक थर वाढवा किंवा आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून घ्या. दोन्ही गार लागली तर छातीशी धरूनच थेट दवाखाना गाठा. उलट मानेमागे घाम, गाल लाल, छाती तापलेली असेल तर थर कमी करा. जास्त ऊब हाही सिड्सचा धोका वाढवणारा भाग आहे. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावं.

टोपडं? पहिल्या काही दिवसांत, कडाक्याच्या थंडीत किंवा बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल तर डॉक्टर टोपडं ठेवायला सांगतात. मग ते डोक्यावर नीट बसणारं, बिननाडीचं हवं. एरवी खोली उबदार असेल तर झोपताना टोपडं काढा. बाळ नको असलेली बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकतं, आणि सैल टोपडं घसरून डोळ्यांवरून नाकापर्यंत यायला वेळ लागत नाही.

बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून घेणं याचा धोका बाळालाच नाही, बाळंतिणीलाही आहे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. शेक घ्यायचाच तर खिडकी उघडी, बाळ दुसऱ्या खोलीत, आणि झोपण्यापूर्वी शेगडी घराबाहेर. विजेचा हीटर बाळापासून किमान तीन फूट लांब, पडद्यापासूनही तेवढाच. गरम पाण्याची पिशवी अंथरूण ऊबवायला वापरा आणि बाळाला ठेवण्याआधी काढून घ्या.

एप्रिल-मेमध्ये प्रश्न उलटा असतो. लंगोट आणि पातळ झबलं, बस्स. पंखा लावा; हवा खेळती असणं चांगलंच. कूलरचा झोत थेट अंगावर नको. पावसाळ्यात डासांसाठी मच्छरदाणी हवीच, पण ती ताठ सांगाड्यावर ताणलेली हवी. चेहऱ्यावर लोळणारी नको.

रात्री आईजवळ

बाळ आईच्या खोलीतच, पण स्वतःच्या अंथरुणावर: पहिले सहा महिने तरी ही व्यवस्था सगळ्यात चांगली. जवळ असल्यानं पाजणं सोपं आणि हालचाल लगेच कळते. सिडको-सातपूरच्या एका खोलीच्या घरातही हे जमतं. सगळ्यांचं अंथरूण खाली असेल तर आईच्या गादीला लागून नव्हे, हातभर अंतरावर बाळाची चौघडी घाला. बाळाच्या वर फळी, फोटो, मोबाइलच्या चार्जरची लोंबती वायर, पडद्याची दोरी नको.

पाजता पाजता डोळा लागणं हे कोणत्याही आईला होतं. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही, तयारी मात्र हवी. झोप अनावर असेल तेव्हा सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजू नका. सोफ्याची पाठ आणि बैठक यांच्या खाचेत बाळाचं तोंड दबतं. आईबरोबर झोपायच्या सगळ्या जागांत ही सर्वांत धोक्याची. त्यापेक्षा टणक गादीवर आडवं होऊन पाजलेलं बरं. बाळाजवळची उशी आणि पांघरूण आधी दूर सारा, केस बांधून घ्या, आणि जाग आली की बाळाला त्याच्या जागी ठेवा. बाळाला नवरा-बायकोच्या किंवा मोठ्या भावंडाच्या मधे निजवू नका. भिंत आणि पलंग यांच्यामधल्या फटीच्या बाजूलाही नको.

काही घरांत शेजारी झोपवणं पूर्ण टाळायचं: आई-वडिलांपैकी कोणी धूम्रपान करत असेल, दारू घेतलेली असेल, झोप आणणारं औषध घेतलं असेल (सर्दी-खोकल्याची काही औषधंही गुंगी आणतात), बाळ ३७ आठवड्यांआधी जन्मलं असेल किंवा जन्मवजन अडीच किलोपेक्षा कमी असेल. अशा लहानग्यांना छातीशी धरायची कांगारू पद्धत उत्तम आहे, पण धरणारा माणूस जागा हवा. डुलकी येतेय असं वाटलं की दुसऱ्याच्या हाती द्या: बाबा, आजी, आत्या, कोणीही चालतं.

डोकं चपटं झालं तर

सतत उताणं झोपल्यानं डोक्याची मागची बाजू थोडी सपाट होऊ शकते. बाळ बसायला लागलं की बहुतेक वेळा ती भरून येते. उपाय उशीत नाही, दिशा बदलण्यात आहे. बाळ उजेडाकडे, दाराकडे, आईच्या आवाजाकडे बघतं. आज डोकं ज्या बाजूला, उद्या तिथे पाय, असं रोज आलटून पालटून ठेवा म्हणजे मान दोन्हीकडे वळते. एकाच बाजूला मान ठेवत असेल आणि दुसरीकडे वळवताना रडत असेल तर डॉक्टरांना दाखवा, मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो.

आणि जागेपणी पालथं घालायचं. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी तीन-पाच मिनिटं, आईच्या छातीवर किंवा सतरंजीवर, कोणीतरी समोर बसलेलं. सात आठवड्यांपर्यंत दिवसभरातलं मिळून पंधरा ते तीस मिनिटांवर न्या. अंघोळ घालणाऱ्या मावशी बाळाला पायांवर पालथं घेऊन पाठ चोळतात तीही यातच धरा. दूध पाजल्याबरोबर नको. पालथं असतानाच डोळे मिटले तर लगेच उताणं करून ठेवा.

चार ते सहा महिन्यांच्या सुमारास बाळ आपलं आपण वळतं. दोन्ही बाजूंना सहज वळू लागलं की झोपेत ते पालथं झालं तरी उठून सरळ करायची गरज नाही. निजवताना मात्र उताणंच, आणि अंथरूण पूर्वीइतकंच रिकामं.

प्रवासात

मुंबईहून नाशिकला माहेरी यायचं असेल तर गाडीत बाळाची खास खुर्ची वापरा. पण ती प्रवासापुरती. घरी पोचल्यावर ‘झोपलंय, राहू दे’ म्हणून त्यातच ठेवू नका. वाटेत तास-दीड तासानं थांबा, कसारा घाट चढून इगतपुरीला तर थांबाच, आणि बाळाला बाहेर काढून थोडा वेळ सपाट ठेवा. पुढे बसलेल्यानं अधूनमधून आरशात नव्हे, मागे वळून हनुवटी बघावी. छातीशी बांधायच्या पिशवीत बाळाचा चेहरा तुम्हाला सतत दिसायला हवा. दुचाकीवर शालीत पूर्ण गुरफटलेलं बाळ नेताना आतल्या बाजूला काय चाललंय ते कोणालाच कळत नाही; थंडीत रिक्षा करा.

कधी धावायचं

झोपेत बाळाचा श्वास एकसारखा नसतो. भरभर चार-पाच श्वास, मग पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू, हे तान्ह्या बाळात नेहमीचं. वीस सेकंदांहून जास्त थांबला, ओठ किंवा जीभ निळसर झाली, अंग लुळं पडलं, तर तळपायाला टिचकी मारून, पाठ चोळून जागं करा आणि १०८ ला फोन लावा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजा, आणि तेवढेच आले तर त्याच दिवशी डॉक्टर. छातीच्या फासळ्यांखाली खड्डा पडणं, दूध ओढणं बंद होणं, पाजायला उठवूनही न उठणं, झटके, हिरवी उलटी यांतलं काहीही असेल तर सकाळची वाट बघायची नाही.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई घरी सहा वेळा येतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. त्या वजन करतात, तापमान घेतात. पहिल्याच फेरीत त्यांना बाळाचं अंथरूण दाखवा, आणि तेव्हा आजीबाईंनाही शेजारी बसवून घ्या. उशीचा विषय सुनेनं काढण्यापेक्षा आशाताईंनी काढलेला बरा.